चारही संघटनांचे वर्ल्ड बेल्ट जिंकले, पण ऑलिम्पिकमध्ये त्याच्या वजनाचा गटच नव्हता. जपानी बॉक्सर ताकायामाची गोष्ट

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या बॉक्सिंगचा सगळ्यात हलका गट ५५ किलोचा असणार आहे. २०१६ साली रिओत हाच आकडा ४९ किलो होता. म्हणजे बारा वर्षांत खालची पायरी सहा किलोंनी वर सरकली.

सहा किलोंनी असं काय बिघडतं, असं कुणालाही वाटेल. पण ज्याचं वजनच ४८-४९ किलो आहे, त्याच्यासाठी सहा किलो म्हणजे अंगाचा आठवा हिस्सा. आणि बॉक्सिंगमध्ये समोरच्याचं जास्तीचं वजन थेट ठोशातून तोंडावर येतं.

हलक्या वजनाच्या बॉक्सरचं करिअर त्याच्या हातांपेक्षा नियमांच्या पुस्तकावर किती अवलंबून असतं, हे समजून घ्यायचं असेल तर जपानच्या कात्सुनारी ताकायामाचं करिअर बघायला हवं.

कोण आहे हा ताकायामा?

जन्म १९८३ चा, गाव ओसाका. शिक्षण अर्ध्यावर सुटलं आणि २००० साली, वयाच्या सतराव्या वर्षी तो व्यावसायिक बॉक्सर झाला. गट मिनिममवेट. व्यावसायिक बॉक्सिंगमधला हा सगळ्यात हलका गट, मर्यादा १०५ पाउंड म्हणजे ४७.६ किलो. मेरी कोमने २०१८ मध्ये ज्या ४८ किलो गटात वर्ल्ड चॅम्पियनशिपचं सुवर्ण जिंकलं, त्याहूनही थोडा कमी.

या गटात एका ठोशात सामना संपणं तसं कमीच. ताकायामाची ताकद होती ती न थांबणाऱ्या पायांत आणि बाराव्या फेरीपर्यंत त्याच वेगाने ठोसे मारत राहण्यात. त्यामुळे त्याचे बहुतेक विजय गुणांवर आले. त्याची किंमतही त्याने मोजली. भुवया फाटणं, डोळ्यांत रक्त उतरणं हे त्याच्या लढतींत नेहमीचंच झालं होतं.

एप्रिल २००५ मध्ये मेक्सिकोच्या इसाक बुस्तोसला हरवून तो डब्ल्यूबीसीचा जगज्जेता झाला. चारच महिन्यांत हा बेल्ट गेला. २००६ मध्ये डब्ल्यूबीएचा हंगामी किताब मिळाला, पुढच्या वर्षी तोही युताका निइदाकडून हरल्यावर गेला. २००९ मध्ये समोर आला निकाराग्वाचा रोमन गोन्झालेझ, म्हणजे हलक्या गटांमधला या पिढीचा सगळ्यात मोठा बॉक्सर. तिथेही पराभव.

वय २६. जपानमधले बहुतेक बॉक्सर इथे हातमोजे खुंटीला टांगतात. ताकायामाने वेगळाच रस्ता धरला.

मग त्याला जपानबाहेर का जावं लागलं?

यासाठी आधी बेल्टचं गणित समजून घेऊ. क्रिकेटसारखी एकच जागतिक संघटना बॉक्सिंगमध्ये नाही. डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ अशा चार मोठ्या संघटना आहेत आणि प्रत्येकीचा जगज्जेता वेगळा. जपान बॉक्सिंग कमिशन, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बॉक्सिंगची नियामक संस्था, त्यातल्या पहिल्या दोनच मानत असे. आयबीएफची स्थापना १९८३ ची आणि डब्ल्यूबीओची १९८८ ची, तरीही २०१३ पर्यंत या दोघींचे बेल्ट जपानच्या लेखी नव्हतेच.

यामागचा विचार अगदीच चुकीचा नव्हता. एकाच वजनात चार-चार जगज्जेते झाले तर 'जगज्जेता' या शब्दाची किंमत काय उरणार? पण याचा फटका खेळाडूला बसत होता. जपानचं लायसन्स ठेवून आयबीएफच्या किताबासाठी लढता येत नव्हतं.

ताकायामाने जपानचं लायसन्स सोडलं आणि परदेशात लढायला सुरुवात केली. याचा अर्थ घरच्या प्रेक्षकांसमोर सामने नाहीत आणि प्रायोजक मिळणं अवघड. जिथे जाईल तिथे प्रेक्षक समोरच्याचे.

दक्षिण आफ्रिकेत आयबीएफच्या बेल्टसाठी तो एनकोसिनाथी जोयीशी लढला. जानेवारी २०११ मधली ती लढत डोक्याला डोकं आपटल्यामुळे तिसऱ्याच फेरीत थांबवावी लागली आणि निकालच लागला नाही. मार्च २०१२ मध्ये पुन्हा तोच प्रतिस्पर्धी, पुन्हा दक्षिण आफ्रिका. यावेळी गुणांवर पराभव.

त्यानंतर आला ३० मार्च २०१३ चा दिवस. मेक्सिकोतल्या ग्वासावे इथे, मारिओ रॉड्रिगेझच्या घरच्या रिंगमध्ये, ताकायामा बारा फेऱ्यांनंतर गुणांवर जिंकला आणि आयबीएफचा जगज्जेता झाला.

आता तारखांकडे बघा. जपान बॉक्सिंग कमिशनने आयबीएफ आणि डब्ल्यूबीओला मान्यता दिली ती १ एप्रिल २०१३ पासून. म्हणजे ज्या बेल्टसाठी त्याने देशातलं लायसन्स सोडलं होतं, तो बेल्ट त्याने जिंकल्यावर दोनच दिवसांत देशात अधिकृत झाला.

नियम बदलल्याने काय झालं?

ताकायामा जपानला परतला आणि डिसेंबर २०१३ मध्ये ओसाकात, घरच्या लोकांसमोर, त्याने बेल्ट राखला. ऑगस्ट २०१४ मध्ये मेक्सिकोच्या फ्रान्सिस्को रॉड्रिगेझ ज्युनिअरविरुद्धची दोन बेल्टची तुफानी लढत तो हरला. पण त्याच वर्षी ३१ डिसेंबरला गो ओदाइराला हरवून त्याने आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ हे दोन्ही रिकामे झालेले बेल्ट मिळवले. वेगवेगळ्या काळात का होईना, पण एकाच वजनी गटात चारही संघटनांचे बेल्ट त्याच्या नावावर लागले.

या बदलाचा फायदा पुढच्या पिढीला किती झाला, याचं सगळ्यात ठळक उदाहरण नाओया इनोउए. तोही हलक्या गटातूनच आला. एप्रिल २०१४ मध्ये लाइट फ्लायवेटचा, म्हणजे ४९ किलोच्या आतला, डब्ल्यूबीसी बेल्ट आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोन गट वर जाऊन डब्ल्यूबीओचा बेल्ट. २०२२ मध्ये बँटमवेटचे आणि २०२३ मध्ये सुपर बँटमवेटचे चारही बेल्ट त्याने एकत्र केले. जुना नियम तसाच असता तर जपानी लायसन्सवर हे शक्यच नव्हतं. इनोउएसाठी जो दरवाजा उघडा होता, त्याच दरवाजासाठी ताकायामाला आफ्रिका आणि मेक्सिको गाठावं लागलं होतं.

ऑलिम्पिकचं स्वप्न कुठे अडलं?

एव्हाना ताकायामाने आणखी एक गोष्ट केली होती. सुटलेलं शिक्षण पूर्ण करण्यासाठी २०१४ मध्ये, वयाच्या तिशीत, त्याने हायस्कूलमध्ये प्रवेश घेतला. जगज्जेता असताना तो गणवेशातल्या पोरांबरोबर वर्गात बसत होता.

२०१७ मध्ये त्याने व्यावसायिक बॉक्सिंग सोडलं. लक्ष्य टोकियो ऑलिम्पिक. आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१६ मध्येच व्यावसायिक खेळाडूंना ऑलिम्पिकची दारं उघडली होती. पण जपानमध्ये हौशी आणि व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जुनी भिंत आहे. तिथल्या हौशी महासंघाने त्याची नोंदणी करायला नकार दिला. ती परवानगी मिळेपर्यंत २०१९ उजाडलं. तोवर तो ३६ वर्षांचा झाला होता.

आणि खरी अडचण तर पुढेच होती. टोकियोत पुरुषांचा सगळ्यात हलका गट होता ५२ किलोचा. व्यावसायिक लढतीत वजन आदल्या दिवशी होतं, त्यामुळे पाणी तोडून वजन उतरवायचं आणि रात्रीत भरून काढायचं, हे गणित जमतं. हौशी स्पर्धेत वजन त्याच दिवशी सकाळी. शिवाय बारा फेऱ्यांऐवजी फक्त तीन. ज्याचं सगळं कसब समोरच्याला हळूहळू दमवण्यात, त्याच्या हातात नऊच मिनिटं. देशांतर्गत पात्रता फेरीतच तो हरला.

तो व्यावसायिक रिंगमध्ये परतला. मे २०२१ मध्ये टेक्सासमध्ये कॅनेलो अल्वारेझच्या सामन्याआधीच्या लढतींपैकी एका लढतीत तो डब्ल्यूबीओच्या लाइट फ्लायवेट बेल्टसाठी एल्विन सोटोशी लढला. नवव्या फेरीत पंचांनी लढत थांबवली. त्या दिवशी स्टेडियममध्ये ७३ हजारांहून जास्त लोक होते. ते आले होते कॅनेलोसाठी.

हे फक्त जपानचं दुखणं आहे का?

नाही. भारताच्या अमित पंघालने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ४९ किलोमध्ये सुवर्ण जिंकलं होतं. टोकियोत तो गट नसल्याने त्याला ५२ किलोमध्ये जावं लागलं आणि तिथे तो पहिल्याच लढतीत हरला.

गट कमी होण्यामागे एक चांगलं कारणही आहे. रिओत पुरुषांचे दहा आणि महिलांचे तीनच गट होते. लॉस एंजेलिसमध्ये दोघांचे सात-सात असतील. महिलांना बरोबरीची जागा मिळायलाच हवी होती. पण एकूण खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असल्याने पुरुषांचे काही गट जाणार होते, आणि त्यात खालच्या टोकाचे गट गेले.

वर जाऊन जिंकता येतच नाही असंही नाही. रिओत ४९ किलोचं सुवर्ण जिंकणाऱ्या उझबेकिस्तानच्या हसनबॉय दुसमातोवने पॅरिसमध्ये ५१ किलोचं सुवर्णही जिंकलं. पण ५१ वरून ५५ ही उडी आणखी मोठी आहे आणि दुसमातोव रोज जन्माला येत नाहीत.

ताकायामाच्या बाबतीत दोन नियम बदलले. एक २०१३ मध्ये, एक २०१९ मध्ये. पहिला बदलला तोवर उमेदीची वर्षं परदेशात गेली होती, दुसरा बदलला तोवर वय निघून गेलं होतं. आज ४८ किलोचा जो मुलगा भिवानीत किंवा ओसाकात सराव करतोय, त्याला व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जगज्जेता होता येईल. ऑलिम्पिकला जायचं असेल, तर मात्र आधी सात किलो वाढवावे लागतील.