एक मूळ, एक बी

पावसाळा सरला की कोकणातल्या कुंपणांवर खाजकुइलीच्या शेंगा लोंबू लागतात. बोटभर लांबीची, जराशी वाकडी शेंग आणि तिच्यावर सोनेरी-तपकिरी लव. लांबून पाहिलं तर मखमलच. हात लावण्याची चूक माणूस आयुष्यात एकदाच करतो. लव कातडीत रुतते, अंगाची आग आग होते, खाजवावं तेवढी ती पसरते आणि घरातलं मोठं माणूस शेण चोळायला सांगतं. नावडत्या मास्तरांच्या खुर्चीवर ही लव भुरभुरवणारी एक पिढी अजून हयात आहे. प्रस्तुत लेखक तिच्यातलाच. संस्कृतात हिची दोन नावं आहेत. एक कपिकच्छू, म्हणजे माकडालाही खाज आणणारी. दुसरं आत्मगुप्ता, म्हणजे स्वतःची राखण स्वतः करणारी.

सह्याद्रीच्याच ओल्या सावलीत सर्पगंधा वाढते. गुडघ्याएवढं झुडूप, पांढरट-गुलाबी फुलं, तोंड वाकडं करणारं कडू मूळ. काही भागांत तिला अडकई म्हणतात. साप चावला, झोप उडाली, डोकं फिरलं की तिचं मूळ उगाळून द्यायची रीत. उत्तरेकडे तर तिचं नावच 'पागल की दवा'.

विसाव्या शतकात मेंदूच्या एका मोठ्या विकाराचा, पार्किन्सन्सचा म्हणजे कंपवाताचा, उलगडा झाला तो या दोन वनस्पतींमधल्या रसायनांमुळे. मुळातल्या रसायनाने प्राण्याला तो आजार झाल्यासारखा दिसला. त्यावर उतारा ठरलं ते रसायन आपल्याकडच्या बीमध्ये होतं. ही दोन टोकं एकत्र आली ती मात्र स्वीडनमध्ये आणि ऑस्ट्रियात. असं का झालं, हे पाहायला थोडं मागे जावं लागेल.

कंप आपल्याकडे फार जुना. माधवनिदानात 'वेपथु' हा शब्द वातव्याधींमध्ये येतो. लंडनच्या हॉक्स्टन भागातल्या जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये थरथरणाऱ्या लकव्यावर छोटी पुस्तिका छापली, तीही अवघ्या सहा माणसांवरून, आणि त्यांतले काहीजण तर त्याने केवळ रस्त्यात पाहिलेले. (हा गृहस्थ एरवी सरकारविरुद्ध पत्रकं लिही आणि जीवाश्म गोळा करी.) पुढे पॅरिसमध्ये शार्को यांनी आजाराला पार्किन्सनचं नाव दिलं आणि खुरासनी ओव्याच्या कुळातल्या वनस्पतींचा अर्क रुग्णांना देऊन पाहिला. कंप थोडा कमी होई, बाकी शरीर लाकडासारखंच राही. त्यानंतरची जवळजवळ शंभर वर्षं वैद्यकाच्या हातात फारसं काही नव्हतं. १९१९ मध्ये त्रेत्याकॉफ यांनी मध्यमेंदूतल्या एका काळ्या पट्ट्यातल्या पेशी या रुग्णांमध्ये झिजलेल्या दाखवल्या. पण त्या पेशी करत काय होत्या, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

आता आपल्याकडे येऊ. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेवर लेख लिहिला: वेडावर आणि चढलेल्या रक्तदाबावर उपयोगी असं हे भारतीय औषध आहे. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी खाजकुइलीच्या बियांतून एक अमिनो आम्ल वेगळं काढलं आणि बायोकेमिकल जर्नलमध्ये छापलं. ते आम्ल म्हणजे डोपा. जगात ते नवीन नव्हतं. १९१३ मध्ये बाझेलच्या गुगेनहाइम यांनी ते घेवड्यासारख्या एका युरोपीय शेंगेतून काढलं होतं आणि परीक्षा म्हणून अडीच ग्रॅम स्वतःच गिळून भरपूर उलट्या केल्या होत्या. मेंदूत डोपाचं काही काम असेल असं १९३७ साली कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. तेव्हा मद्रासवाल्यांनी पार्किन्सन्स का ओळखला नाही, असा दोष त्यांना देणं अन्यायाचं होईल.

१९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या गोळ्यांचा अनुभव मांडला. वाढलेल्या रक्तदाबाचे पन्नास रुग्ण, औषधाआधीचे आकडे आणि नंतरचे आकडे. लेखात ना संस्कृत वचनं, ना परंपरेचा जयघोष. पण त्या आकड्यांनी जग हललं. बाझेलच्या सिबा कंपनीने १९५२ मध्ये त्या मुळातून रेसरपिन वेगळं काढलं आणि थोड्याच दिवसांत अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत ते सर्रास दिलं जाऊ लागलं. वकील यांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला. मराठी शाळांच्या पुस्तकांत त्यांच्यावर धडा असायला हरकत नाही. माझ्या पाहण्यात तरी तो आलेला नाही.

रेसरपिनने लोक शांत होत, पण काहीजण फारच शांत होत. चेहरा निर्विकार, चाल घसटती, हात थरथरते. औषध थांबवलं की हळूहळू पूर्ववत. म्हणजे एका मुळाच्या अर्काने माणसाला तात्पुरता पार्किन्सन्स होत होता.

हे असं का होतं, हे स्वीडनमधल्या लुंडच्या आर्विद कार्लसन यांनी सशांवर पाहिलं. रेसरपिन टोचलेला ससा कान पाडून, पोटावर पसरून, हलवलं तरी हलत नाही असा बसे. १९५७ मध्ये कार्लसन यांनी अशा सशांच्या शिरेत डोपा सोडला. पाव तासात सशांचे कान उभे राहिले आणि ते उड्या मारू लागले. कार्लसन यांच्या पिचकारीतला डोपा खाजकुइलीचा नव्हता, प्रयोगशाळेच्या बाटलीतला होता, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर उद्या कोणी भलताच अभिमान धरून बसेल. पुढच्या वर्षी त्यांनी दाखवलं की डोपापासून बनणारं डोपामिन मेंदूत मुळातच असतं. तोवर ते म्हणजे दुसरं काहीतरी बनताना मधे लागणारी एक पायरी, असाच समज होता. १९६० मध्ये लंडनच्या परिषदेत भल्याभल्यांनी त्यांचं म्हणणं मानलं नाही. नोबेल मिळायला २००० साल उजाडलं.

त्याच १९६० मध्ये व्हिएन्नातल्या ओलेह होर्निकिएविच यांनी एक गोष्ट केली, जी आपल्याला आजही नीटशी जमत नाही. त्यांनी मेलेल्या माणसांचे मेंदू मिळवले. काही पार्किन्सन्सने आजारी असलेल्यांचे, काही तो आजार नसलेल्यांचे. चालीशी संबंधित भागाचे तुकडे वेगळे करून त्यांचा अर्क काढला आणि त्यात आयोडीनचं द्रावण टाकलं. डोपामिन असेल तर गुलाबी रंग येतो. निरोगी मेंदूच्या नळ्या गुलाबी झाल्या. पार्किन्सन्सच्या नळ्यांना रंग जेमतेमच आला. यंत्रात आकडा वाचण्याआधीच कमतरता नुसत्या डोळ्यांनी दिसली, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. कंपवाताचं कारण माणसाला पहिल्यांदा दिसलं ते असं, परीक्षानळीत न आलेल्या गुलाबी रंगात.

मग त्यांनी बिर्कमायर या डॉक्टरमित्राला गळ घातली आणि १९६१ मध्ये रुग्णांना डोपाची (औषध म्हणून त्याचं नाव लेव्होडोपा) इंजेक्शनं दिली गेली. अंथरुणाला खिळलेली माणसं काही तास उठून चालली. अमेरिकेत कोट्झियास यांनी तोंडाने, अगदी थोड्यापासून सुरू करून मोठ्या मात्रेपर्यंत औषध नेलं आणि १९६७ मध्ये निकाल छापले. गुगेनहाइम यांच्या उलट्यांवर तोडगा निघाला तो कार्बिडोपा सोबत देण्याचा, म्हणजे डोपाचं डोपामिन रक्तातच होऊन जाऊ नये. आज आपल्या घराघरांत 'सिंडोपा' म्हणून जी गोळी ओळखली जाते ती हीच जोडी.

आता माझी तक्रार. १९६१ नंतर व्हिएन्नाची बातमी जगभर होती. डोपा कुठल्या बीमध्ये भरपूर आहे हे मद्रासच्या १९३७ च्या लेखात छापलेलं होतं. बी आपल्या कुंपणावर होती. ग्रंथांत तिचा मुख्य मान वाजीकरणात, त्यामुळे वैद्यांकडे ती पिढ्यान् पिढ्या शोधून, दुधात उकडून, साल काढून वापरली जात होती. आणि तरी पार्किन्सन्सच्या रुग्णांना या बियांचं चूर्ण देऊन मुंबईतल्या डॉक्टरांनी अभ्यास छापला तो १९७८ मध्ये. मधली सतरा वर्षं कुठे गेली? रसायनशास्त्रज्ञ एका इमारतीत, न्यूरोलॉजिस्ट दुसऱ्या, वैद्य तिसऱ्या गावात, आणि तिघांनी एकमेकांचं काही वाचायचं नाही असा जणू करारच. वकील यांनी हा करार मोडला होता म्हणून सर्पगंधा जगाची झाली. खाजकुइलीला तेव्हा वकील मिळाला नाही.

'हे सगळं आपल्या ग्रंथांत होतंच' असं म्हणणाऱ्यांना १९३७, १९४९ आणि १९७८ ही तिन्ही सालं सांगता येत नाहीत, असा माझा अनुभव आहे. वैद्यांची टर उडवणाऱ्यांनाही ती सांगता येत नाहीत. ग्रंथात कंप होता, कपिकच्छू होती. पण चालताना पाय का अडतो आणि बीमधल्या कशाने तो सुटतो, हे कळायला गुलाबी नळी लागली. उलट, नळीवाल्यांच्या हातात रेसरपिन आलं ते कोणीतरी शेकडो वर्षं ते कडू मूळ उगाळत राहिलं म्हणून.

नंतर काम झालं, नाही असं नाही. मुंबईच्या झंडूने खाजकुइलीच्या बियांपासून केलेल्या औषधाची भारतात अनेक ठिकाणी साठ रुग्णांवर बारा आठवडे चाचणी झाली, ती १९९५ मध्ये छापली गेली. २००४ मध्ये लंडनमध्ये आठ रुग्णांवर तुलना झाली, तेव्हा चूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झालेला दिसला. मुंबईच्या पारशी वसाहतींत दारोदार फिरून भरुचा आणि सहकाऱ्यांनी १४,०१० माणसं तपासली. लाखामागे ३२८ जणांना पार्किन्सन्स, हा त्यांचा १९८८ चा आकडा अजून जगभरच्या लेखांत येतो. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे. पण मृत्यूनंतर मेंदू देण्याची गोष्ट घरात काढून पाहा. डोळे देऊ म्हणणारे लोकही गप्प होतात.

या गोळीने आजार बरा होत नाही. पेशी झिजत राहतात, फक्त डोपामिनची उणीव भरून निघते. काही वर्षांनी गोळीचा अंमल कमी वेळ टिकू लागतो. आमच्या शेजारच्या काकांच्या घरी घड्याळ गोळीवर चालतं. काकू बरोबर साडेसात, साडेअकरा असं बघतात आणि गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास देतात, कारण लेव्होडोपा स्वतःच अमिनो आम्ल. डाळ-पनीरच्या प्रथिनांशी त्याची आत शिरताना रेटारेटी होते. गोळी 'उतरली' की काकांचे पाय स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी जमिनीला चिकटल्यासारखे होतात. नातवाने तिथे रंगीत चिकटपट्टीचे आडवे पट्टे लावले आहेत. सपाट फरशीवर न उचलणारा पाय पट्टा ओलांडायला मात्र उचलतो. मेंदू आपली बंद झालेली वाट टाळून डोळ्यांच्या वाटेने जातो, असं न्यूरोलॉजिस्ट सांगतात. काका म्हणतात, "मी आता लंगडी खेळतो."

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तिथे रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मला हे शब्द आधी जरा गोड वाटले होते. काकूंकडे बघून माझं मत बदललं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९ मध्ये जगात पार्किन्सन्सचे ८५ लाखांहून अधिक रुग्ण होते, आणि पंचवीस वर्षांत ही संख्या दुप्पट झाली. आपल्याकडे म्हातारी माणसं वाढत आहेत, तेव्हा ती इथेही वाढणार. मेंदूविकारतज्ज्ञ मुंबई-पुणे-नागपुरात दाटीने आणि तालुक्याच्या गावी शोधून सापडत नाही, ही आजची स्थिती. सरकारकडे मागणं मोठं नाही. लेव्होडोपा-कार्बिडोपा जिल्हा रुग्णालयाच्या औषधखिडकीवर बारा महिने मिळावी, आणि तिथल्या डॉक्टरला हा आजार ओळखता यावा.

दुसरं मागणं वाचकांकडे आहे, कारण मुळाची आणि बीची गोष्ट संपलेली नाही. रेसरपिन मागे पडलं, पण उलटीवर आणि चक्करेवर सर्रास दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या डोपामिनची वाट अडवतात आणि महिनोन्‌महिने घेतल्या तर तसाच कंप आणतात. त्या थांबवल्या की बहुधा तो ओसरतो. दुसरीकडे पार्किन्सन्सची गोळी चालू असताना ताकदीसाठी म्हणून कौचबीजाचं चूर्ण घेणारे बरेच आहेत. कौचबीज म्हणजे खाजकुइलीचीच बी. तिच्यात गोळीतलंच द्रव्य असतं, प्रमाण बीगणिक कमी-जास्त, आणि डॉक्टरला त्याचा पत्ता नसतो. तेव्हा हात थरथरतो म्हणून डॉक्टरकडे जाल तेव्हा घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. चूर्णाची डबीसुद्धा.