घरातील हेरगिरी

सरकार नागरिकांची संभाषणे चोरून ऐकते, असा नुसता संशय आला तरी या देशातील सुशिक्षित माणूस खवळून उठतो. आणि ते योग्यच आहे. २०२१ च्या जुलै महिन्यात ‘पेगासस’ या इस्रायली बनावटीच्या हेरयंत्रणेचा बोभाटा झाला, तेव्हा व्यक्तिस्वातंत्र्याचा विषय आपल्या दिवाणखान्यांतून कित्येक दिवस गाजत होता. मात्र त्याच दिवाणखान्याच्या आतल्या खोलीत काय चालले आहे, याकडे पाहण्याची वेळ आता आली आहे. पती पत्नीच्या, पत्नी पतीच्या, आईबाप मुलांच्या आणि कमावती मुले वृद्ध आईबापांच्या मोबाइलवर त्यांच्या नकळत पाळत ठेवतात, आणि यात आपले काही चुकते आहे असे पुष्कळांना वाटतच नाही. “घरच्याच माणसाचा फोन, त्यात चोरी कसली?” असा त्यांचा सवाल असतो. या सवालाला स्पष्ट उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पूर्वी दाराआडून ऐकणाऱ्याला निदान दाराआड उभे राहण्याचे कष्ट तरी पडत. आज दुसऱ्याचा फोन काही मिनिटे हाती लागला, की त्यात एक ॲप बसवता येते. त्याचे चिन्ह पडद्यावर दिसत नाही, फोनच्या मालकाला पत्ता लागत नाही, आणि त्याचे संदेश, छायाचित्रे व ठावठिकाणा पाळत ठेवणाऱ्याकडे आपोआप पोहोचू लागतो. ही माहिती वाटेत त्या कंपनीच्या संगणकात साठत असते, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येते. अमेरिकेतील ‘स्पायफोन’ या कंपनीच्या संगणकात २०१८ मध्ये एक घुसखोर शिरला आणि सुमारे २,२०० ग्राहकांची माहिती त्याच्या हाती पडली. पुढे २०२१ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने या कंपनीला पाळतीच्या धंद्यातूनच बाद केले. मुलीच्या रक्षणासाठी म्हणून बापाने तिची छायाचित्रे आणि तिच्या येण्याजाण्याचा तपशील परक्याच्या कोठारात नेऊन ठेवावा, याहून कुंपणाने शेत खाणे ते आणखी कोणते?

या वृत्तीला अलीकडे न्यायालयाचा आधार सापडल्याचा भास होऊ लागला आहे. पतीने पत्नीशी झालेली आपली संभाषणे तिच्या नकळत ध्वनिमुद्रित केली असली, तरी घटस्फोटाच्या दाव्यात ती पुरावा म्हणून दाखल करता येतील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी दिला. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाचा २०२१ मधील उलट निर्णय त्यामुळे रद्द झाला. निकालाऐवजी बातमीचा मथळा वाचणाऱ्यांनी यावरून जोडीदारावर पाळत ठेवण्याची मुभाच मिळाली, असा अर्थ काढला. वस्तुतः त्या प्रकरणातील पतीने मुद्रित केली होती ती स्वतःचीच संभाषणे. पत्नीने तिसऱ्या कोणाशी केलेल्या बोलण्याचा तेथे प्रश्न नव्हता. शिवाय पुरावा दाखल करून घेणे वेगळे आणि तो मिळवण्याची रीत नीतीला धरून आहे असे म्हणणे वेगळे. पतिपत्नी एकमेकांवर हेरगिरी करू लागली असतील, तर ते मोडलेल्या नात्याचेच लक्षण होय, असा अभिप्राय न्यायमूर्तींनी त्याच निकालपत्रात नोंदवला आहे.

कायद्याचीच भाषा बोलायची, तर ती या मंडळींना फारशी सोयीची नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये दुसऱ्याच्या उपकरणात त्याच्या परवानगीवाचून कपटाने शिरणे हा तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास किंवा पाच लाख रुपयांपर्यंतच्या दंडास पात्र असा गुन्हा आहे. स्त्रीच्या इंटरनेट, ई-मेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्कावर पुरुषाने पाळत ठेवणे हा २०१३ पासून दंडसंहितेत स्वतंत्र गुन्हा होता, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. केवळ पती आहे एवढ्यावर सूट मिळेल, असे तेथे कोठेही लिहिलेले नाही.

तथापि हा प्रश्न आम्ही कायद्यापुरता मानीत नाही. सरकारने फोन चोरून ऐकावयाचा, तर गृहसचिवाचा आदेश हवा, त्याची मुदत दोन महिन्यांची आणि काही झाले तरी सहा महिन्यांच्या पलीकडे ती जाऊ नये, आणि त्या आदेशाची फेरतपासणी समितीने करावी, असे दंडक सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये घालून दिले. दहशतवाद्याच्या बाबतीतही ज्या मर्यादा पाळाव्या लागतात, त्यांतील एकही मर्यादा घरातल्या हेराला नाही. त्याला आदेश लागत नाही, त्याच्या पाळतीला मुदत नसते आणि फेरतपासणी करणाराही तोच. फिर्यादी, पोलीस आणि न्यायाधीश या तिन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसला, की जो न्याय होतो तोच अशा घरांत होत असतो.

एकत्र कुटुंबात, आठ बिऱ्हाडांच्या वाड्यात वा चाळीच्या दोन खोल्यांत वाढलेल्या आपल्या समाजाला एकांत ही पाश्चात्त्यांची चैन वाटते, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. तो आम्हांस मान्य नाही. त्याच वाड्यांत पोस्टकार्ड कोणीही वाचत असे. पण माहेरहून आलेले बंद पाकीट सुनेच्या हाती न देता आधी फोडणाऱ्या सासूला चारजण नावेच ठेवीत. जागा अपुरी होती म्हणून मर्यादेची जाण अपुरी नव्हती. आणि आजच्या फोनमध्ये नुसते पाकीट नसते. त्यात डायरी, बँकेचे पासबुक, डॉक्टरांचे कागद आणि मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेले दुःख हे सारे एकाच ठिकाणी असते. त्या मैत्रिणीने तर या घरातील कोणालाही कसलीच परवानगी दिलेली नसते.

मुलांचा प्रश्न अर्थातच वेगळा आहे. बारा वर्षांच्या मुलाच्या हाती फोन देऊन त्याला वाऱ्यावर सोडावे, असे आम्ही म्हणणार नाही. लहान मुलांना जाळ्यात ओढणारी माणसे आणि पैशांचे खेळ यांपासून त्यांस जपणे हे आईबापांचे कर्तव्यच आहे. परंतु देखरेख आणि हेरगिरी यांत भेद आहे. परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक फिरतो तो सर्वांच्या देखत, आणि तो फिरणार हे मुलांना आधीच ठाऊक असते. खिडकीच्या फटीतून पाहणाऱ्या मास्तराने एखादा कॉपी करणारा पकडला, तरी उरलेल्या चाळीस मुलांचा विश्वास तो कायमचा गमावून बसतो. मूल लहान असताना नियम सांगून उघड देखरेख करावी. वय वाढेल तशी ती सैल करावी. मुलगा सोळा वर्षांचा झाला की बापाने त्याच्याशी मित्राच्या नात्याने वागावे, अशी आपली जुनी समजूत आहे. हाच न्याय मुलीलाही हवा. मुलाचा फोन त्याचा आणि मुलीचा फोन मात्र घराण्याच्या अब्रूचा, असा भेद जेथे चालतो, तेथे काळजी हे नुसते नाव असते आणि खरा हेतू ताबा ठेवण्याचा असतो. भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारानेही मुलाच्या खासगीपणाला मान्यता दिली आहे.

वृद्धांच्या बाबतीतही हेच सांगावयाचे. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी लुबाडली जात असताना मुलांना धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. पण ज्या वडिलांनी बोट धरून चालावयास शिकवले, त्यांना समोर बसवून “बाबा, तुमच्या फोनवर अशी सोय करू का?” एवढे विचारण्यास किती वेळ लागतो? त्यांनी नाही म्हटले, तर तो नकारही त्यांचाच अधिकार आहे.

या भूमिकेवर एक आक्षेप गंभीर आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. बंद दाराआड मार खाणाऱ्या, धमक्या ऐकणाऱ्या स्त्रीने पुरावा आणावा कोठून? तिने आपल्याला दिलेल्या धमकीचे ध्वनिमुद्रण केले, तर आम्ही तिला दोष देणार नाही. ती स्वतःवर होणाऱ्या अन्यायाची नोंद ठेवते. दुसऱ्याच्या आयुष्यात शिरत नाही. मुलाच्या जिवावर बेतल्याची ठोस चिन्हे दिसत असतील, तर त्याचा फोन उघडणाऱ्या आईलाही आम्ही बोल लावणार नाही. मात्र तिने ते त्याला शक्य तितक्या लवकर सांगितले पाहिजे. संकटात दार फोडावे लागते, म्हणून रोज दार फोडूनच घरात शिरण्याचा हक्क कोणाला मिळत नाही.

नुसत्या संशयाचे तसे नाही. संशयी माणसाला फोनमध्ये काही सापडले नाही, तर त्याचे समाधान होत नाही. आपण नीट शोधले नाही, असेच त्याला वाटते. आणि काही सापडलेच, तरी जो प्रश्न त्याने पहिल्या दिवशी समोरासमोर विचारावयास हवा होता, तोच शेवटी विचारावा लागतो. फरक एवढाच, की आता विचारणाराही गुन्हेगार झालेला असतो.

ज्यांनी घरातील कोणाच्या फोनमध्ये असे गुप्त ॲप बसवले असेल, त्यांनी ते काढून टाकावे, आणि आपण ते बसवले होते हे त्या व्यक्तीला स्वतः सांगावे. हे सांगणे जड जाईल. परंतु आपले कृत्य निव्वळ काळजीपोटी होते, तर ते सांगताना जीभ का अडखळते, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या मनाशी द्यावे.