डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज कोटेशनमध्ये लिहू नका



डिलिव्हरीचा खर्च काढायला बसलो की नवीन उद्योजकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "सर, आपली गाडी २२ देते." हा २२ आला कुठून? तर डॅशबोर्डवर दिसतो. मग त्याच आकड्यावर भाडं ठरतं, कोटेशन जातं, वर्षभराची ऑर्डर पक्की होते. आणि सहा महिन्यांनी प्रश्न येतो, "काम भरपूर आहे, मग पैसा जातो कुठे?"

माझं मत स्पष्ट आहे. डॅशबोर्ड फारसं खोटं बोलत नाही. पण तो आकडा गाडी चालवण्यासाठी आहे, भाव ठरवण्यासाठी नाही.

मीटर किती चुकतं?

आधी हे समजून घ्या की डिस्प्ले टाकीतलं इंधन मोजत नाही. इंजिनचा कॉम्प्युटर इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवला यावरून इंधनाचा अंदाज काढतो आणि गाडी किती अंतर गेली त्याच्याशी त्याचा हिशेब लावतो. म्हणजे तो एक गणिती अंदाज आहे. इंजेक्टर जुने झाले, इंधनाचा दाब किंवा तापमान बदललं, की अंदाज थोडा इकडेतिकडे होतो.

किती? अमेरिकेतल्या 'एएए' या वाहनचालकांच्या मोठ्या संघटनेने २०२२ मध्ये आपल्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर केले. सरासरी फरक दोन टक्क्यांच्या आसपास निघाला, पण एका गाडीत तो सहा टक्क्यांच्या वर गेला. युरोपात नव्या पेट्रोल-डिझेल कारमधली इंधन मोजणारी यंत्रणा ५ टक्क्यांच्या आत अचूक असावी असा नियमच आहे. तेव्हा दोन ते पाच-सहा टक्के, एवढी चूक धरून चाला.

मोठी चूक आपण करतो

खरा घोळ कोणता आकडा उचलायचा इथे होतो.

नाशिकहून भिवंडीला माल घेऊन निघालात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे, त्यामुळे मुंबईकडे जाताना कसारा घाट उतरायचा. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की आजची इंजिनं इंधन जवळपास बंदच करतात. डिस्प्लेवर मस्त आकडा येतो आणि आपण खूश! परतीला तोच घाट चढताना आकडा उतरतो, पण तो कोणी लक्षात ठेवत नाही.

शहरातही तेच. द्वारका चौकात दहा मिनिटं अडकलात तर अंतर शून्य, इंधन चालूच. अंबड-सातपूरमध्ये दहा ठिकाणी थांबत, माल उतरवत फिरणाऱ्या गाडीचं ॲव्हरेज आणि रिकाम्या हायवेवरचं ॲव्हरेज एक कसं असेल? त्यात कोणीतरी ट्रिप मीटर मध्येच रिसेट केलेलं असतं. मग समोर दिसतं ते फक्त शेवटच्या ४० किलोमीटरचं ॲव्हरेज.

आता पैशात बघू

सोप्या हिशेबासाठी डिझेल ९० रुपये धरा आणि महिन्याचं रनिंग ३,००० किलोमीटर. तुमच्या कामातलं खरं ॲव्हरेज आहे १६.

मीटर पाच टक्के वाढवून १६.८ दाखवत असेल, तर महिन्याला साधारण ९ लिटरचा फरक पडतो. म्हणजे सुमारे ८०० रुपये. पण तुम्ही घाट उतरतानाचा २२ धरून कोटेशन दिलंत, तर फरक ५१ लिटरचा! महिन्याला ४,६०० रुपये, वर्षाला ५५ हजार. यातले ८०० रुपये मीटरच्या नावावर टाका. बाकी सगळे आपल्या. आणि रेट वर्षभरासाठी लिहून दिला असेल तर ही रक्कम गिऱ्हाईक देणार नाही, तुमच्या खिशातून जाणार.

खरं ॲव्हरेज कसं काढायचं?

१. एका ठरलेल्या पंपावर टाकी फुल करा. नोझल पहिल्यांदा ऑटो-कट झाला की थांबा, वरून राउंड फिगर करू नका. ओडोमीटरचा फोटो काढा. हे फक्त सुरुवातीचं माप, हे लिटर हिशेबात धरायचे नाहीत.

२. नेहमीचं काम करा. पुढच्या प्रत्येक वेळी तिथेच, तशीच टाकी फुल करा. पावती आणि ओडोमीटर, दोन्हींचा फोटो.

३. अशा चार फेऱ्या झाल्या की एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर. उदाहरणार्थ, १,५२० किलोमीटर आणि ९५ लिटर, म्हणजे १६. एकाच वेळच्या भरण्यावर विश्वास ठेवू नका. ३० लिटरमध्ये ऑटो-कट अर्धा लिटर मागेपुढे झाला तरी दीड टक्क्याहून जास्त फरक पडतो.

४. ओडोमीटरही एकदा तपासा. टायर झिजला की तो अंतर थोडं जास्त दाखवतो. हायवेवर ५० किलोमीटर मोबाईलच्या जीपीएसशी ताडून बघा.

सीएनजी गाडी असेल तर किलोचा हिशेब ठेवा आणि चारऐवजी आठ-दहा भरण्यांचा घ्या, कारण पंपावरचा दाब आणि उन्हाळा यावर गॅस किती बसतो ते बदलतं. बऱ्याच सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होतात, तो खर्च वेगळा लिहा. आणि पावतीवरच्या लिटरचीच शंका असेल तर पंपावर प्रमाणित केलेलं ५ लिटरचं माप असतं. त्यात मोजून दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

"एवढं कोण लिहीत बसणार?"

हा प्रश्न येणारच. मी विचारतो, गल्ल्यातले पैसे मोजता ना? मग टाकीतून जाणारे का नाही? महिन्यातून चार-पाच वेळा दोन फोटो, एवढंच काम आहे.

डिस्प्ले बंद करा असं मी म्हणत नाही. ड्रायव्हरचा पाय जड आहे का, गाडी विनाकारण चालू ठेवली जाते का, मागच्या महिन्यापेक्षा आकडा अचानक पडला का, हे ओळखायला तो उत्तम आहे. आकडा पडला की एअर फिल्टर आणि टायरची हवा आधी बघा.

पण कोटेशनमध्ये जाईल तो पावत्यांमधून आलेला आकडाच. शहरातल्या डिलिव्हरीचा वेगळा, घाटातल्या फेरीचा वेगळा, आणि घाटाच्या फेरीत जाणं-येणं दोन्ही धरून. पुढचं कोटेशन द्यायच्या आधी चार टाक्यांचा हिशेब पूर्ण करा. तुमच्या गाडीत डिस्प्ले आणि पावती यांत किती फरक निघाला, तो एकदा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.