एआयला नोबेल मिळालं, पण त्या डेटाचा मेंटेनन्स कोण भरतं?

आमच्या कामोठ्यात नुसतं ‘टाटा’ म्हटलं तरी कळतं, खारघरचं कॅन्सर हॉस्पिटल. कागदोपत्री नाव अ‍ॅक्ट्रेक. मानसरोवरहून एकच स्टेशन. तिथे उपचार होतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच आवारात प्रोटीनचे स्फटिक वाढवून त्यांची रचना शोधणारी प्रयोगशाळा आहे, हे इथल्या जुन्या रहिवाशांनाही बहुधा ठाऊक नसतं. टेक वेबसाइटवर हे कशाला, असं विचाराल. तर २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या एआयमुळे गाजलं, त्या गूगल डीपमाइंडच्या अल्फाफोल्डचं शिक्षण अशाच प्रयोगशाळांनी पन्नास वर्षं जमवलेल्या डेटावर झालंय. बातम्या आल्या त्या मॉडेलच्या. डेटा कुणी जमवला, कुणी तपासला आणि आता तो उघडा राहणार की नाही, यावर फारसं कुणी बोललं नाही.

आधी थोडं बेसिक. खडीसाखरेचा खडा हातात घ्या. त्याला सपाट बाजू आणि ठरावीक कोन असतात, कारण आत साखरेचे असंख्य रेणू कवायतीला उभं राहावं तसे रांगेत उभे असतात. अशा खड्यावर एक्स-रे सोडले की ते ठरावीक दिशांना वळतात आणि डिटेक्टरवर ठिपक्यांची नक्षी उमटते. ठिपके कुठे पडले आणि किती ठळक, यावरून गणित करून आत कुठला अणू कुठे बसलाय ते काढतात. प्रोटीनचंही हेच, फक्त त्याचा स्फटिक वाढवणं महाकठीण. महिने जातात, कधी वर्षं, आणि कधी स्फटिक होतच नाही. झालाच, तर जोरदार एक्स-रेसाठी तो सिंक्रोट्रॉनवर न्यावा लागतो. इंदूरच्या इंडस-२ वर त्यासाठी खास बीमलाइन आहे आणि ती चालवते आपल्या ट्रॉम्बेची बीएआरसी. (जाता जाता: पोखरणमुळे घराघरात पोहोचलेले आर. चिदंबरम मूळचे स्फटिकशास्त्रज्ञ. ट्रॉम्बेच्या अणुभट्टीतले न्यूट्रॉन वापरून त्यांनी हायड्रोजन बंधांवर काम केलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा मी वाचलेल्या बातम्यांत याचा उल्लेख शोधावा लागला.)

एवढ्या खटाटोपानंतर हाती येते एक टेक्स्ट फाइल. प्रत्येक ओळीत एक अणू आणि त्याचे तीन आकडे: आडवा, उभा, खोल. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एखाद्या फोटोएवढी साइज. या फाइली जिथे ठेवतात ती प्रोटीन डेटा बँक, म्हणजे पीडीबी. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत ती सुरू झाली तेव्हा तिच्यात सात रचना होत्या. आज दोन लाखांच्या वर आहेत. लॉगिन नाही, फी नाही, कॉपीराइट नाही. एक रचना शोधायला सरासरी एक लाख डॉलर लागतात असा पीडीबी चालवणाऱ्यांचाच अंदाज आहे. म्हणजे सगळं नव्याने करायचं म्हटलं तर २,००० कोटी डॉलरच्या पुढे. आणि हे तुम्ही लोकलमध्ये बसून डाउनलोड करू शकता.

याचा माणसाशी संबंध कुठे येतो? बीआरसीए-१ हे नाव ऐकलं असेल. या जीनमध्ये ठरावीक बिघाड असेल तर स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका बराच वाढतो. आता टेस्ट करणं सोपं झालंय, पण रिपोर्टमध्ये कधी कधी असं येतं की बदल सापडला, त्याचा अर्थ अनिश्चित. धोकादायक आहे की निरुपद्रवी, सांगता येत नाही. ज्या बाईच्या हातात तो कागद आहे, तिने काय करायचं? ऑपरेशन करून घ्यायचं की नाही? मुलीची टेस्ट करायची की नाही? अशा वेळी संशोधक जे पुरावे गोळा करतात त्यात एक पुरावा रचनेचा असतो. बदललेला तुकडा प्रोटीनच्या गाभ्यात आहे की बाहेरच्या बाजूला लोंबतोय, दुसऱ्या प्रोटीनला धरायच्या जागेवर आहे का, हे बघतात. बीआरसीए-१ च्या शेवटच्या भागाची रचना २००१ मध्ये कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी शोधली आणि पीडीबीत टाकली. तिचा कोड १जेएनएक्स. खारघरमध्येही याच प्रोटीनवर काम होतं.

मग अल्फाफोल्ड आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे, आणि भन्नाट आहे. जुलै २०२२ मध्ये त्यांनी २० कोटींहून जास्त प्रोटीनच्या अंदाजित रचना फुकट टाकल्या. पण बीआरसीए-१ तिथे उघडून बघा. १,८६३ तुकड्यांच्या या साखळीची दोन टोकं नीट दिसतात आणि मधला मोठा भाग सैल दोऱ्यासारखा पसरलेला दिसतो, तिथे आपल्याला खात्री नाही असं मॉडेल स्वतःच रंगाने सांगतं. शिवाय एकच तुकडा बदलल्यावर काय होईल हे सांगण्यासाठी अल्फाफोल्डची पडताळणी झालेली नाही, हे त्यांच्याच माहितीपानावर लिहिलंय. पीडीबीने याबाबत आधीच शहाणपण दाखवलं होतं. २००६ पासून तिथे फक्त प्रत्यक्ष प्रयोगातून आलेल्या रचना घेतात, नुसते कॉम्प्युटरचे अंदाज नाहीत. एआयच्या या काळात हा नियम सोन्यासारखा ठरलाय, कारण मॉडेलला मॉडेलचंच उष्टं खायला घातलं तर चूक कुठे शिरली ते कळणारच नाही.

ओसाकाचा चेकनाका

पीडीबी म्हणजे गूगल ड्राइव्ह नव्हे, की टाकलं आणि झालं. २००३ पासून अमेरिका, युरोप आणि जपान मिळून ती चालवतात आणि कामाची वाटणी खंडांप्रमाणे आहे. आशियाच्या वाट्याचं बरंचसं काम जपानकडे. म्हणजे भारतातल्या लॅबची रचना तपासायला जाते ओसाका विद्यापीठातल्या केंद्रात. तिथे पगारी माणसं बसून एकेक नोंद बघतात: साखळीचा क्रम बरोबर आहे का, सोबतच्या औषधाच्या रेणूचं नाव बरोबर आहे का, अणू एकमेकांत घुसलेत का. एक तपासणी तर आपल्या घरची आहे. प्रोटीनच्या कण्यात कुठले कोन शक्य आणि कुठले अशक्य, याचा नकाशा १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी काढला. आज प्रत्येक नव्या प्रोटीनला त्या ‘रामचंद्रन प्लॉट’समोर उभं राहावं लागतं.

इतकी कटकट कशाला? तर छोट्या रेणूंच्या दुनियेत काय झालं ते बघा. जानेवारी २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघटनेच्या एका नियतकालिकाने चीनमधल्या एकाच विद्यापीठातून आलेल्या ७० रचना बनावट असल्याचं जाहीर केलं. युक्ती साधी होती. एका खऱ्या रचनेचा मोजमापांचा डेटा घ्यायचा, कागदावर एक धातू काढून दुसरा लिहायचा, आणि नवा रेणू म्हणून छापायचा. सापडले कसे? रचनेसोबत मूळ मोजमापंही द्यायचा नियम होता म्हणून. वेगवेगळ्या ‘शोधां’चे ठिपके तंतोतंत सारखे निघाले! मोजमापं मागितलीच नसती तर नुसतं सुंदर चित्र बघून कुणाला शंका आली असती? २०२२ मध्ये याहून मोठं प्रकरण निघालं, पेपर छापून विकणाऱ्या टोळीचं. तेव्हा केंब्रिजच्या डेटाबेसला शेकडो नोंदींवर इशारा चिकटवावा लागला. पीडीबीने २००८ पासून मूळ मोजमापं सक्तीची केली आहेत, आणि माझ्या मते फुकट असण्याइतकीच ही सक्ती मोलाची आहे.

आता मुद्दा पैशाचा

सोसायटीत राहणाऱ्यांना हे लगेच कळेल. लिफ्ट सगळे वापरतात, मेंटेनन्स ठरावीक घरंच वेळेवर भरतात, आणि लिफ्ट बंद पडेपर्यंत कुणाला काही वाटत नाही. पीडीबीचा अमेरिकेतला खर्च तिथल्या सरकारी संस्था उचलतात, त्यात एनएसएफ ही एक प्रमुख. मे २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने एनएसएफचा निधी निम्म्याहून जास्त कापायचा प्रस्ताव मांडला. प्रस्ताव म्हणजे निर्णय नव्हे, शेवटचा शब्द तिथल्या संसदेचा असतो. पण सगळं जग ज्या लिफ्टने वरखाली करतंय तिचं बिल मोजक्या देशांच्या राजकारणावर अवलंबून आहे, हे त्यातून उघड झालं.

दुसरीकडे कुलपं वाढतायत. अल्फाफोल्ड-३ मे २०२४ मध्ये छापून आलं, पण कोड दिला नाही. शास्त्रज्ञांनी आरडाओरडा केल्यावर नोव्हेंबरमध्ये तो मिळाला, तोही बिगर-व्यावसायिक संशोधनापुरता. २०२५ मध्ये अ‍ॅबव्ही, जॉन्सन अँड जॉन्सनसारख्या औषध कंपन्यांनी आपापल्या तिजोरीतल्या रचनांवर मिळून मॉडेल शिकवायला घेतलं. डेटा मात्र कंपनीबाहेर जाणार नाही. कायद्याने त्यात चूक काहीच नाही. पण हिशोब बघा: सार्वजनिक डेटा सगळ्यांना, खासगी डेटा फक्त मालकाला, आणि दोन्हीवर शिकलेलं सगळ्यात हुशार मॉडेलही मालकालाच. उघड्या डेटाची ताकद काय असते ते कोविडमध्ये दिसलं होतं. विषाणूच्या मुख्य कात्रीची, म्हणजे प्रोटिएजची, रचना शांघायच्या गटाने ५ फेब्रुवारी २०२० लाच पीडीबीत खुली केली. त्यावरचा त्यांचा पेपर यायला एप्रिल उजाडला. मधले दोन महिने जगभरच्या लॅब त्या फाइलवर कामाला लागलेल्या होत्या.

आणि आपण? ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी केंद्राने २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवलेत. त्यातून कॉलेजच्या पोरांना परदेशी जर्नल वाचायला मिळतील. चांगलंच आहे, मी विरोधात नाही. पण वाचायला सहा हजार कोटी निघतात, तर तपासायला आणि सांभाळायलाही त्यातला चिमूटभर तरी निघायला हवा. जागा तयार आहे: फरीदाबादचं इंडियन बायॉलॉजिकल डेटा सेंटर नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, चार पेटाबाइट साठवण्याची सोय घेऊन. हार्ड डिस्क विकत मिळतात. प्रत्येक फाइल उघडून ‘हा कोन अशक्य आहे, परत बघा’ असं लॅबला कळवणारी माणसं तयार करावी लागतात, आणि पदव्युत्तर रसायनशास्त्र किंवा बायोटेक करून नोकरी शोधणारी पोरं पनवेलपासून पुण्यापर्यंत कमी नाहीत.

स्वतः बघायचं असेल तर फोनवर आरसीएसबी डॉट ऑर्ग उघडा आणि १जेएनएक्स शोधा. बोटाने प्रोटीन फिरवून झालं की थोडं खाली या, लाल ते निळी अशा आडव्या पट्ट्या दिसतील. काळी खूण निळ्याकडे असेल तर तपासणीत मार्क चांगले, लालकडे असेल तर जपून. त्यातल्या ‘रामचंद्रन’ लिहिलेल्या पट्टीकडे नक्की बघा.