विश्लेषण : रुबेलाची लस हुकलेल्या पिढीचे काय?

गोवर-रुबेला लसीकरण मोहीम महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली, तेव्हा ९ महिने ते १५ वर्षे वयोगटातील मुलांना लस टोचण्यात आली. त्या वेळी कॉलेजात असलेल्या मुली या रांगेत नव्हत्या. आज त्या लग्नाच्या, बाळंतपणाच्या वयात आहेत. लहानपणी खासगी डॉक्टरांकडे एमएमआर घेतली होती की नाही, हे अनेकींना आईला विचारूनही सांगता येत नाही.

रुबेला इतका गंभीर आहे का?

लहान मुलाला झाला तर सहसा नाही. थोडा ताप, कानामागे गाठी, चेहऱ्यापासून खाली पसरणारे पुरळ. तीनेक दिवसांत सारे ओसरते. अनेकांना तर लक्षणेच जाणवत नाहीत. धोका आहे तो पोटातल्या बाळाला. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत आईला संसर्ग झाला, तर विषाणू गर्भापर्यंत पोहोचण्याची शक्यता ९० टक्क्यांपर्यंत असते. मग गर्भपात होतो, किंवा बाळ मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयदोष घेऊन जन्माला येते. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये हा संबंध प्रथम मांडला. मोतीबिंदू असलेली तान्ही बाळे एकाएकी वाढली होती आणि त्यांच्या बहुतेक आयांना गरोदरपणी रुबेला होऊन गेला होता.

चाचणीवर किती विसंबावे?

रक्तातील ‘आयजीजी’ पॉझिटिव्ह असेल तर पूर्वी संसर्ग झाला आहे किंवा लस मिळाली आहे, म्हणजे संरक्षण आहे. ‘आयजीएम’ अलीकडचा संसर्ग सुचवते, आणि गोंधळ इथेच होतो. साधे गणित करू. समजा, ही चाचणी दर १०० निरोगी महिलांमागे दोघींना चुकून पॉझिटिव्ह ठरवते. कोणतेही लक्षण नसलेल्या १००० गर्भवती तपासल्या आणि त्यांत खरी रुग्ण एकच निघाली, तर सुमारे २१ अहवाल पॉझिटिव्ह येतील. त्यांतले २० चुकीचे. म्हणूनच पुरळ नाही, रुग्णाशी संपर्क नाही, तरी सरसकट ‘टॉर्च’ पॅनेल करून घेण्याची पद्धत थांबायला हवी. पैसे जातात ते वेगळेच, एका कागदावरून घरात गर्भपाताची चर्चा सुरू होते. असा अहवाल आलाच, तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा नमुना देणे आणि आयजीजीची ‘अ‍ॅव्हिडिटी’ तपासणे, हा मार्ग आहे. कमी अ‍ॅव्हिडिटी म्हणजे संसर्ग ताजा, जास्त म्हणजे जुना.

मग करायचे काय?

चाचणीची खरी वेळ गर्भधारणेआधीची. आयजीजी निगेटिव्ह असेल तर लस घ्यावी आणि त्यानंतर महिनाभर गर्भधारणा टाळावी, कारण लशीत दुबळा केलेला जिवंत विषाणू असतो. चाचणी न करता लस घेतली तरी चालते. आधीच संरक्षण असलेल्या महिलेला तिचा अपाय होत नाही. गरोदरपणात ही लस देत नाहीत. मात्र, नकळत घेतली गेली म्हणून गर्भपात करण्याचे कारण नाही. दिवस गेल्यावर संरक्षण नसल्याचे कळले, तर पुरळ आलेल्यांपासून दूर राहावे आणि बाळंतपणानंतर लस घ्यावी. स्तनपान सुरू असले तरी हरकत नाही.

सरकारी वेळापत्रकात एमआरचे दोन डोस आहेत : ९ ते १२ आणि १६ ते २४ महिन्यांना. प्रौढ महिलांसाठी रकानाच नाही. ही लस पुण्यात बनते आणि जगभर जाते, पण राज्यातील पंचविशीच्या मुलीला ती स्वतः शोधत, स्वखर्चाने घ्यावी लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रात नवविवाहितांसाठी ती उपलब्ध करणे अवघड नाही. तोवर दुसरा डोस चुकलेली घरातली लहान मुले, मुलगे धरून, आधी केंद्रावर न्यावीत; गर्भवतीपर्यंत हा विषाणू बहुधा त्यांच्याकडूनच येतो.