पेयातून गुंगी : पहिले काही तास का महत्त्वाचे?

विंचूर : ओळखीच्याने दिलेले शीतपेय घेतले, डोके जड झाले आणि पुढच्या काही तासांचे काहीच आठवत नाही. अशी तक्रार घेऊन आलेल्या मुलीला पहिला प्रश्न विचारला जातो, ‘आठवतच नाही, तर झाले कशावरून?’ प्रत्यक्षात न आठवणे हा या औषधांचाच परिणाम असतो.

नेमके काय होते?
अल्प्राझोलम, लोराझेपाम यांसारखी औषधे मेंदूचे काम मंदावतात आणि नवी आठवण साठू देत नाहीत. चालताबोलता दिसलेल्या व्यक्तीलाही नंतर काही आठवत नाही. सोबत दारू असेल तर श्वास मंदावून जीवावर बेतू शकते.

धोका कोणाकडून?
फ्रान्समध्ये जिझेल पेलिको यांना पतीच वर्षानुवर्षे जेवणातून लोराझेपाम देत होता. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच्यासह ५१ जण दोषी ठरले. सांगलीत मे २०२५ मध्ये पेयातून गुंगी देऊन अत्याचार केल्याच्या वैद्यकीय विद्यार्थिनीच्या तक्रारीवरून तिघांना अटक झाली.

कायदा काय सांगतो?
भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार गुंगीत दिलेला होकार हा होकार नव्हे. गुन्ह्याच्या हेतूने गुंगीचे औषध देणाऱ्याला कलम १२३ नुसार दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अल्प्राझोलम ‘एच-१’ यादीत असल्याने चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. विक्रीची नोंद दुकानदाराने तीन वर्षे जपायची असते.

लगेच काय करावे?
काही औषधे लघवीत जेमतेम बारा तास सापडतात, काही दोन-तीन दिवस. म्हणून शक्यतो आंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत आणि लवकरात लवकर रक्त-लघवीचे नमुने द्यावेत. आंघोळ झाली असली तरी जावेच. विंचूरकरांना लासलगावचे ग्रामीण रुग्णालय जवळ आहे. आधी एफआयआर आणा, असे रुग्णालय सांगू शकत नाही. सरकारी असो वा खासगी, उपचार मोफत द्यावेच लागतात. मदतीसाठी ११२ आणि १८१ हे क्रमांक आहेत.

गावात ‘लोक काय म्हणतील’ या विचारात एक रात्र सहज निघून जाते. तेवढ्यात पुरावाही निघून जातो. घरच्यांनी जाब विचारत बसण्यापेक्षा तिला आधी दवाखान्यात न्यावे.