इथाकेच्या बारा दासी

होमरच्या ओडिसीची कथा आमच्याकडील सुशिक्षित कुटुंबांत आतां अपरिचित राहिलेली नाहीं. ट्रॉयचें युद्ध १० वर्षांचें, परतीचा प्रवास आणखी १० वर्षांचा. इथाकेस वाट पाहणारी पेनेलोपी, तिच्या दारीं ठाण मांडून बसलेले १०८ लग्नेच्छु सरदार, आणि शेवटीं भिकाऱ्याच्या वेषांत आलेल्या ओडिसियसनें धनुष्य वांकवून केलेला त्यांचा संहार. एवढें सांगून झालें म्हणजे सांगणारा पुस्तक मिटतो व ऐकणारा समाधान पावतो. आमचें भांडण या समाधानाशीं आहे. कारण त्याच बाविसाव्या सर्गांत आणखी एक संहार आहे. मुलांसाठीं केलेल्या संक्षेपांतून तो बहुधा गाळलेला असतो, आणि थोरांसाठीं लिहिलेल्या रसग्रहणांत एका वाक्यांत उरकलेला असतो.

तो प्रसंग असा. सरदार मारले गेल्यावर ओडिसियस वृद्ध दाई युरिक्लिया हिला विचारतो कीं, घरांतील दासींपैकीं दोषी कोण व निर्दोष कोण. ५० पैकीं १२ जणी बिघडल्या, असें ती सांगते. एवढ्या एका साक्षीवर निकाल लागतो. त्या १२ जणींस प्रथम रडत रडत प्रेतें बाहेर न्यावीं लागतात, रक्तानें माखलेलीं आसनें व मेजें धुवावीं लागतात. घर स्वच्छ झालें म्हणजे त्यांना अंगणांत एका अडचणीच्या जागीं कोंडतात. बापाची आज्ञा तलवारीनें मारण्याची. पण तें स्वच्छ मरणही त्यांना द्यावें असें टेलेमॅकसला वाटत नाहीं. तो गलबताचा दोर बांधतो आणि त्यांना एका ओळीनें फांशीं देतो. फांसांत सांपडलेल्या पांखरांची उपमा देऊन कवि सांगतो कीं, त्यांचे पाय थोडे तडफडले. फार वेळ नाहीं.

यावर ठरलेलें उत्तर असें कीं, त्या काळची रीतच तशी. दासी ही मालकाची मालमत्ता. खुद्द युरिक्लियेलाही लेअर्टीसनें २० बैलांच्या मोलानें विकत घेतलें होतें. हें सर्व आम्हांस मान्य आहे. होमरला आजच्या मापानें मोजूं नये, हेंही मान्य आहे. परंतु आम्ही जें माप लावतों तें होमरच्याच घरचें आहे. धनुष्य हातीं घेऊन स्वतःस प्रकट करतांना ओडिसियस सरदारांवर जे आरोप करतो, त्यांत हाही एक आहे कीं, तुम्हीं माझ्या दासींवर बळजबरी केली. म्हणजे बळजबरी झाली, हें न्याय देणाऱ्यानेंच सांगितलें आहे. असें असतां सर्गाच्या आरंभीं जो बळजबरीचा आरोप, तोच सर्ग संपण्यापूर्वीं त्या दासींचा व्यभिचार कसा झाला?

त्याच सर्गांत गायक फेमियस ओडिसियसचे पाय धरतो. मीं सरदारांपुढें गायलों तें माझ्या इच्छेनें नव्हे, त्यांनीं मला भाग पाडलें, असें तो विनवितो. टेलेमॅकस त्याच्या वतीनें बोलतो आणि त्याला जीवदान मिळतें. निरुपायाची सबब, म्हणजे, त्या युगाला ठाऊक होती व मान्यही होती. खुद्द नायकालाही तिचा लाभ झालेला आहे. कॅलिप्सोच्या बेटावर तो ७ वर्षें राहिला. रात्रीं तिच्याजवळ असे तो मनाविरुद्ध, असें कवि म्हणतो, आणि वाचक तें निःशंकपणें मानतात. राजाला सबब आहे, गायकाला सबब आहे. विकत घेतलेल्या दासीला मात्र ती विचारलीसुद्धां जात नाहीं.

आक्षेपक म्हणतील कीं, या दासी हंसत खिदळत सरदारांकडे जात; मेलँथोनें तर ओडिसियसला घालून पाडून बोलण्यास कमी केलें नाहीं; पेनेलोपी दिवसा विणलेलें वस्त्र रात्रीं उसवीत असे, तें रहस्यही दासींनींच फोडलें. मेलँथो उद्धट होती व कृतघ्नही होती, कारण पेनेलोपीनें तिला लेकीप्रमाणें वाढविलें होतें. पण एकीचें उद्धटपण बारा जणींच्या गळ्यांत कसें अडकवितां? रहस्य नक्की कोणी फोडलें, तिचें नांव काव्यांत कोठेंच नाहीं. आणि हंसण्याविषयीं म्हणाल, तर ज्या घरांतून राणी त्या सरदारांना घालवूं शकत नाहीं, राजपुत्र घालवूं शकत नाहीं, त्या घरांत दासीनें त्यांना नाहीं म्हणावें ही अपेक्षा कोणत्या न्यायांत बसते?

या कामीं भाषांतरकारही निर्दोष नाहींत. टेलेमॅकसच्या तोंडीं मूळ ग्रीकमध्यें या दासींना वेश्येसारखी शिवी नाहीं. रॉबर्ट फेगल्स यांच्या १९९६ च्या सुप्रसिद्ध इंग्रजी भाषांतरांत ती आहे. २०१७ सालीं ज्यांचें भाषांतर प्रसिद्ध झालें त्या एमिली विल्सन यांनीं असल्या भरीकडे लक्ष वेधलें आहे. त्यापूर्वीं २००५ सालीं मार्गारेट ॲटवुड यांनीं आपल्या पेनेलोपियाड या कादंबरींत या बारा जणींनाच बोलतें केलें. जें दोन लेखिकांच्या ध्यानीं आलें, तें पिढ्यान् पिढ्यांच्या पंडितांच्या नजरेंतून निसटावें, याला केवळ अनवधान म्हणणें आम्हांस कठीण वाटतें.

ओडिसी टाकून द्यावी असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. गुलामगिरीचा दिवस उजाडला कीं माणसाचें अर्धें मोल जातें, असें ज्या काव्यांत यूमियस हा डुकरें राखणारा गुलाम बोलतो, तें काव्य क्षुद्र नव्हे. कवीनें त्या तडफडणाऱ्या पायांवरून नजर काढली नाहीं. ती काढली आम्ही वाचकांनीं, कारण घरीं परतलेल्या नायकाचा आनंद आम्हांस निर्भेळ हवा होता. घरांतील चाकरमाणसांची निष्ठा जोखण्याचा हक्क धन्याचा, आणि त्यांची बाजू ऐकण्याचें मात्र कारण नाहीं, ही समजूत आमच्या ओळखीची आहे, म्हणूनच हा प्रसंग आम्हांस खटकत नाहीं. तेव्हां आमची सूचना इतकीच कीं, मुलें जाणतीं झाल्यावर त्यांना ही कथा पुन्हां एकदां, न गाळतां वाचून दाखवावी. त्या बारा जणींचा अपराध काय, असें त्यांनीं विचारलें, तर तयार उत्तर देण्याची घाई करूं नये. बाविसावा सर्ग त्यांच्याबरोबर पहिल्यापासून वाचावा.